कोहळ्याचा पहिला घाव

धुळ्यातल्या आमच्या घरामागे दीड खोलीएवढी मोकळी जागा आहे. तिथे मी भाजी लावते, आणि ती मेली एकाच वेळी सगळी येते. दोघं होतो तेव्हाही खपायची नाही, आता तर मी एक. म्हणून वाळवते. गवारीला मिठाच्या पाण्यात एक उकळी देते, वांग्याच्या काचऱ्या करते. आमच्या गच्चीवरचं ऊन असं की दोन-तीन दिवसांत सगळं कडकडीत. पथ्य एकच, वरून आणलेलं गरम गरम डब्यात भरायचं नाही. निवू द्यायचं, नाहीतर आत घाम येतो आणि बुरशी धरते.

कोहळ्याला तर एवढंही लागत नाही. पांढरी भुरी धरली की देठासकट तोडायचा, धुवायचा नाही, पलंगाखाली गोणपाटावर सुटा सुटा ठेवायचा. उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मग किसून त्याचे सांडगे. पण आमच्यात अख्खा कोहळा बाई कापत नाही, पहिला घाव पुरुषाचा. का, ते सावद्याला माहेरी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लग्नानंतर दर वर्षी ते काम यांचं. एरवी घरात इकडची काडी तिकडे करायचे नाहीत, पण त्या दिवशी बाह्या सारून असे बसायचे की जणू किल्लाच सर करायचाय. एक घाव घालायचा, सुरी माझ्या हातात द्यायची आणि पुन्हा पेपरात डोकं.

गेल्या पावसाळ्यात हे गेले. जाण्याआधी वेल यांनीच लावला होता. त्याला चार कोहळे आले.

होळी गेली, पाडवा गेला, कोहळे पलंगाखालीच. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणायचा, शेजारच्या आबांना बोलाव. आबांच्या घरच्या अक्काही कुंपणावरून तेच म्हणाल्या, "आमना आबाले हाक मार ना वं, एक मिनिटनं काम शे." एका मिनिटाचं काम आहे हे मलाही कळतं. पण हाक मारायची म्हणजे माझ्या घरात आता कोणी उरलं नाही, हे मीच कुंपणाशी उभं राहून सांगायचं. ते माझ्याच्यानं होईना. उगाच अक्कांवर चिडले आणि बघू म्हणून आत आले.

परवा झाडताना पलंगाखाली ओलं लागलं. एक कोहळा खालून बसला होता, वास येत होता. यांच्या हातच्या वेलाचा कोहळा माझ्या हट्टापायी सडला. तो परसात पुरला आणि तिथेच बसून खूप रडले.

मग उरलेल्या तीनपैकी एक पाटावर घेतला आणि सुरी लावली. पहिला घाव मीच घातला, खोटं कशाला सांगू. पण काही झालं नाही. आत पांढरा स्वच्छ गर निघाला.

किसायला बसले तोच मुलाचा फोन आला. कोहळे कापले का, म्हणाला. कापायला घेतलेत, म्हटलं.

"कोणी कापले?"

"आबा आले होते."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम सैल झाला. "मला सारखं वाटतं, तू तिथे एकटी आहेस."

"कुठे एकटी," मी म्हणाले. फोन ठेवला आणि दुसरा कोहळा पाटावर घेतला.