न मागितलेली यादी

त्या वर्षांबद्दल कुणी माझं कौतुक करू लागलं की माझं डोकं फिरतं. ‘सोलापुरात, त्या काळात, कॉम्प्युटरचा धंदा!’ लोक म्हणतात. मी हसून चहा मागवतो. तेव्हा खरं काय झालं ते आज सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी विमा कचेरीतली नोकरी सोडली आणि साखर पेठेत खोली घेतली. गिरणीची हजेरी कार्डांवर भोकं पाडून नोंदवायची, कार्डांचे गठ्ठे एसटीने पुण्याला न्यायचे, तिथे भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालवून छापील तक्ते आणायचे, असा तो धंदा. प्रोग्रॅम मी लिहायचो. एका गिरणीने तीन महिने चाचणी म्हणून काम दिलं होतं. ते टिकलं नसतं तर मी पुन्हा कारकुनी मागत फिरलो असतो.

माग खात्यात काम कसं चालतं हे मला तिथल्या जॉबरने, म्हणजे कामगारांच्या मुकादमाने शिकवलं. घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा माणूस. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला इंजनेर. आठ दिवस त्याने मला मागांच्या मध्ये स्टुलावर बसवलं, डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. एका सकाळी एक बिल्ला घेऊन भलताच माणूस आत आला.

“मामा, हा तर दुसराच आहे की.”

“भाऊ हाय त्याचा. त्यो आजारी हाय. माग रिकामा ठिवला तर जागा दुसऱ्याला जाती. बरा होऊन आल्यावर मग काय करंल, भजन?”

“पण नंबर त्याचा आहे.”

“नंबर घराचा असतोय, इंजनेर. तुमच्या कार्डात बसतंय का बघा. न्हाय बसलं तर आपल्यातच ठिवा.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, पद्धतीतली गळती सापडली.

गिरणीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्याही माझ्याकडेच कार्डांवर चढवायला येत. मी दोन्ही गठ्ठे एकमेकांशी ताडून पाहिले. एकाच दिवशी दवाखान्यात आजारी आणि मागावर हजर, असे बावीस नंबर निघाले. ही यादी कुणी मागितली नव्हती. माझा प्रोग्रॅम काय काय पकडतो, एवढंच मला दाखवायचं होतं.

गिरणीच्या मॅनेजरने यादीवरून बोट फिरवलं. “अहो, आमच्या टाइमकीपरांना हे इतक्या वर्षांत दिसलं नाही.”

दिसलं होतं. दिसूनही ते गप्प होते, कारण त्यांना अक्कल होती.

चाचणी संपायच्या आत करार झाला. त्याच आठवड्यात बावीस जणांचे बिल्ले काढून घेतले. त्यांच्या हजेरीवर सही जॉबरची होती, म्हणून त्याचा सगळ्यांच्या आधी.

मी मॅनेजरकडे गेलो. “जॉबरला तेवढं ठेवा.”

“तुम्हीच पकडून दिलंत ना? मग आता रडता कशाला?”

त्या माणसाचा मला अजून संताप येतो. पण त्याने मागितलं काहीच नव्हतं, हे आठवलं की संताप माझ्याकडे वळतो.

जॉबरच्या घरी गेलो तेव्हा तो बायकोच्या चरख्यावर शेजारच्या यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसला होता. बायकोने मला बसा म्हटलं नाही.

“या इंजनेर,” चरखा न थांबवता तो म्हणाला. “लई हुशार मशीन तुमचं.”

“मामा, चुकलं.”

“मशीनचं?”

“माझं.”

“मग मशीनचंच चुकलं म्हणून लिहून द्या की. यादी चुकीची निघाली म्हणून. पोरं तरी परत लागतील.”

त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. लिहून दिलं असतं तर कदाचित ते कामावर परत लागले असते, आणि माझा धंदा बुडाला असता. चुकणारं मशीन कोण घेणार? घरी येऊन मी चार ओळी लिहिल्या आणि सहीशी अडलो. खोटं कसं लिहायचं, असं स्वतःला समजावलं. इतका सत्यवादी मी त्याआधी कधीच नव्हतो.

ती बिनसहीची चिठ्ठी तीन दिवस शर्टाच्या खिशात होती. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका गिरणीचा मॅनेजर माझ्या खोलीचा जिना चढून आला. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, “ती दवाखान्याची यादी आमच्याकडेही काढता येईल ना?”

“येईल,” मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी चहा मागवला.