उताऱ्याशी भांडणारी बाय

१९८४ सालच्या जून महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. ठरलेली रक्कम महिना दहा रुपये. हजर माणसे चार: मी, माझी आई, शेजारच्या खोलीतला रामसुरत, आणि जिच्या शिकवणीची फी ठरत होती ती बाय. बाईमाणसाकडून दहा रुपये कसले घेतोस, असे आई म्हणाली. बायनेच तिला थांबवले. "वहिनी, फुकटचं शिकलेलं ध्यानात ऱ्हात नाय. पन पैसे पास झाल्यावर. नापास झाले तर मास्तरनं मला द्यायचे." रामसुरत मोठ्याने हसला, म्हणून तिने त्यालाच साक्षीदार केले.

मी मास्तर नव्हतो. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून होतो. वय तेवीस, राहणे सालवडला दोन खोल्यांत, आईसोबत. दहावीला इंग्रजीत एकसष्ट मार्क पडले होते, तेवढ्या भांडवलावर चाळीतले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडे वाचायला येत. बाय पावसाळ्यात दर रविवारी आमच्या चाळीत सुके बोंबील आणि जवळा विकायला येई. माझी ही कीर्ती तिने दारोदारी ऐकली आणि एक दिवस टोपली उतरवून थेट विचारले, "तुमीच काय ते इंग्लिशवाले?"

मुरब्याच्या अलीकडे खाडीवर एक लहानशी वाडी आहे, तिथली ती. वय छत्तीस. नवरा सहा वर्षांपूर्वी होडीवर गेला तो परत आला नाही. हे तिने मला एका वाक्यात सांगितले आणि पुढच्या वाक्यात बोंबलांचा भाव सांगितला. तिला एक मुलगा, एक मुलगी. वाडीत तेव्हा मच्छीमारांची एक छोटी सोसायटी होती, आता ती नाही. तिथे होड्यांमधून उतरलेली मासळी वजनकाट्यावर मोजायची आणि पावती लिहायची, हे काम बाय रोजावर करीत असे. त्या वर्षी पंचांनी ठरवले की काट्यावर कायमचा कारकून नेमायचा, पण तो दहावी पास हवा. बायला जानेवारीपर्यंत मुदत दिली. नाहीतर पंचांपैकी एकाचा पुतण्या दहावी होऊन घरीच बसलेला होता.

सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दोनदा परीक्षेला बसली होती. बाकीचे विषय सुटले, गणितात तर एकाहत्तर. इंग्रजीत पहिल्यांदा बावीस, दुसऱ्यांदा सत्तावीस. ऑक्टोबरचा पेपर ही शेवटची संधी. पस्तिसाला आठ कमी. मी मांडणी करून पाहिली. व्याकरण चार महिन्यांत होणार नव्हते. पत्र आणि निबंध तिने पाठ केलेलेच होते. वाढायला जागा होती ती फक्त उताऱ्यांत. आमच्या हिशेबाने उताऱ्यांवर तीस मार्क, त्यात तिला पडत सहाच्या आसपास. "बाय," मी म्हटले, "उताऱ्याचं उत्तर कागदावरच छापलेलं असतं. ते शोधायचं आणि उतरवायचं. इतके सोपे मार्क अख्ख्या पेपरात नाहीत."

हे माझे वाक्य किती चुकीचे होते ते पहिल्याच रविवारी कळले.

माझ्या जुन्या गाइडात एकतीस उतारे होते. पहिला उतारा एका कोळ्याचा निघाला. मला वाटले, बरे झाले, तिच्याच घरातला विषय. समुद्र तळ्यासारखा शांत होता, पाणी जराही हलत नव्हते, कोळ्याने जाळे टाकले आणि तासाभरात ते मासळीने भरले, असा मजकूर. प्रश्न: जाळे लवकर का भरले? उत्तर कागदावरच होते, समुद्र शांत होता म्हणून. बायने अंबाड्यातली पेन्सिल काढली, पुष्कळ वेळ लावला आणि मोडक्या इंग्रजीत उत्तर लिहिले. त्याचा अर्थ असा: जाळे भरले नाही, हा माणूस खोटे बोलतो.

"बाय, हे काय?"

"मास्तर, डोलीचं जाळं खुंटाला बांधलेलं, पानी चालल्याशिवाय त्यात काय भरनार? त्याचं कपाळ? अष्टमीच्या भांगाला पानी उभं ऱ्हातं, तवा आमच्या होड्या रिकाम्या येतात. ह्यो लिवनारा कदी दर्यात गेलता काय?"

"तो गेला नसेल. पण उताऱ्यात तसं लिहिलंय."

"लिवलंय म्हनून खरं हाय?"

मी शून्य मार्क दिले. तिने ते पाहिले आणि पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.

पुढचे सात-आठ रविवार हेच चालले. कष्टाळूपणात ती कुठे कमी नव्हती. शब्दांचे अर्थ मुलाच्या वहीत मागच्या बाजूने लिहून आणी, आणि एसटीत पाठ करी. उतारा वाचताना बोट ठेवून एकही ओळ चुकवीत नसे. उताऱ्याचा अर्थ तिला माझ्याबरोबर शाळेत असलेल्या पुष्कळ मुलांपेक्षा चांगला कळे. पण कळला की ती त्याच्याशी भांडायला उठे. एका उताऱ्यात असे गाव होते की तिथे सगळे सुखी आणि कुणाचे कुणाशी वैर नाही. लोक सुखी का होते, या प्रश्नाला तिने दोनच शब्दांचे उत्तर लिहिले: कुणी सांगितलं? दुसऱ्या उताऱ्यातली म्हातारी शेटजीने घोंगडी दिली म्हणून त्याचे पाय धरते. बायने लिहिले, शेटजीच्या घरी तिने तीस वर्षे भांडी घासली आहेत, घोंगडी तिच्या हक्काची आहे. तीस वर्षे उताऱ्यात होती हे मात्र खरे.

रामसुरत दारात बसून विडी ओढत हे ऐके. "मौसी, किताब से काहे लड़ती हो? किताब थोड़े ही सुनती है।"

"तू चूप बैठ रे. तेरे गाँव में दर्या हाय क्या?"

"नहीं मौसी, गंगाजी हैं।"

"तो फिर गंगाजी का उतारा आयेगा तब तू बोल."

मी प्रत्येक रविवारचे मार्क वहीत लिहीत होतो. तीसपैकी सहा, सात, पाच, आठ, सहा. ऑगस्ट आला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, काटा सुरू झाला आणि बायला वेळ कमी पडू लागला. एका रविवारी ती आलीच नाही. पुढच्या रविवारी आली ती दमलेली. म्हणाली, "मास्तर, पुतन्या आता काट्यावर येऊन बसतो. काम बगतो बोलतो. माझी खुर्ची कशी हाय तेपन बगतो." त्या दिवशी तिला पाच मार्क पडले.

नंतरच्या आठवड्यात मला कारखान्याची एक सुट्टी मिळाली. मी एसटी पकडून तिच्या वाडीला गेलो. जाण्यामागे काही योजना नव्हती. चाळीस रुपये द्यावे लागतील ही धास्ती होती असे आई पुढे सगळ्यांना सांगे. किनाऱ्यावर पत्र्याची शेड, त्यात लोखंडी काटा, आणि काट्यापाशी खुर्चीवर बाय. माझ्या घरात उंबऱ्याजवळ अंग चोरून बसणारी ती ही नव्हे असे वाटले. पुतण्या मागे खांबाला टेकून उभा होता. एका होडीवाल्याने टोपल्या चढवल्या.

"बाय, चाळीस लिव."

"काटा साडेसदतीस बोलतो."

"अगं, बर्फ इतळला, पानी गळालं. होडीवर चाळीसच होतं. तुला काय माझा इस्वास नाय?"

"इस्वास हाय. तुझं चाळीसच आसंल. पन काट्यावर साडेसदतीस हाय, तर साडेसदतीस लिवनार. पानी गळालं त्ये शेऱ्यात लिवते."

तिने खरोखरच तसे लिहिले. वजनाच्या रकान्यात साडेसदतीस, आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात 'पाणी गळालं म्हणतो'. होडीवाला कुरकुरत पावती घेऊन गेला. मी पावतीपुस्तक चाळले. बहुतेक पावत्यांवर शेरा कोराच होता. का, असे विचारले तर म्हणाली, "वजन बराबर, मानूस बराबर, मग शेरा कशाला?"

परतीच्या एसटीत मुरब्याचा फाटा मागे पडायच्या आत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी ती आल्याबरोबर, टोपली खाली ठेवायच्या आधीच मी म्हटले, "बाय, उतारा म्हणजे काटा. तो साडेसदतीस बोलला तर साडेसदतीस लिहायचं. खरं वजन तुला माहीत असलं तरी."

ती उभीच राहिली. "आनि खरं काय त्ये?"

"ते शेऱ्यात. वहीत मी प्रत्येक उताऱ्याखाली शेऱ्याची रेघ आखून देतो. तिथे उताऱ्याला काय हवं ते ऐकव. फक्त परीक्षेत रेघ नाही. तिथला शेरा घरी आणायचा."

त्या रविवारी तिला तेरा मार्क पडले. नंतर सोळा, पंधरा, एकोणीस. शेरे तिने मराठीत लिहिले आणि ते उत्तरांपेक्षा लांब होते. रामसुरत ते माझ्याकडून वाचून घेई. शांत समुद्राचा उतारा आम्ही परत काढला. वर उत्तर बिनचूक. खाली शेरा: 'ह्याला एकदा भांगाला घेऊन जावं.'

ऑक्टोबरातला पेपर पालघरच्या एका शाळेत होता. मी रजा टाकली होती. बाय धुवट लुगडे नेसून, पेन्सिल सवयीने अंबाड्यात खोचून आत गेली; पेन माझे दिले होते. तीन तासांनी बाहेर आली. स्टँडवर आलो. चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर तिनेच सुरुवात केली.

"दर्याचाच उतारा होता, मास्तर."

मी घाबरलो. "जाळ्याचा?"

"नाय. एक होडी जाते आनि परत येत नाय. त्याची बायको किनाऱ्यावर बसते आनि जलमभर रडते. रोज जाऊन बसते आनि रडते. मरेपर्यंत. प्रश्न काय, तर नवरा परत आला नाय मग बायकोनं काय केलं?"

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिचा नवरा गेला त्यानंतर चौदाव्या दिवशी ती काट्यावर हजर झाली होती, हे मला वाडीला गेलो त्या दिवशी एका होडीवाल्याने सांगितले होते.

"काय लिहिलंस?"

"काट्यावर होतं त्ये लिवलं. जलमभर रडली."

"चारही उत्तरं?"

"चारी. कागदाच्या भाईर एक अक्षर नाय." तिने कप खाली ठेवला. "पेन थांबलेलं मधी. मग बोलले, ह्यो काटा हाय. माझं वजन नाय करत, त्या बाईचं करतोय."

एसटी लागली. मग मी विचारले, "आणि शेरा?"

"आनलाय की घरी." ती पहिल्यांदा जराशी हसली. "त्या बाईला पोरं होती का नाय त्ये उताऱ्यात लिवलंच नाय. पोरं असती ना मास्तर, तर इतकं रडायला येळ गावला नसता. आमी पन रडलो. पन येळ बगून."

निकाल लागला. इंग्रजीत एकेचाळीस. उताऱ्यांत किती पडले ते गुणपत्रिकेवर येत नाही, त्यामुळे ते मला आजही माहीत नाही, आणि मी अंदाज लिहीत नाही. जागा बायला मिळाली. पुतण्या पुढे बोईसरला कंपनीत लागला आणि तिथे त्याचे चांगले झाले. बाय अकरा वर्षे त्या काट्यावर होती, सोसायटी बंद होईपर्यंत. पुढे ती पालघरला मुलीकडे राहिली आणि तिथेच गेली. बाराव्याला मी गेलो होतो. तिच्या मुलाने मला पाहून विचारले, "शेऱ्याची रेघ आखून देनारे मास्तर, ते तुमीच ना?" मी म्हटले, मीच.

स्टोअरमध्ये मी अठ्ठावीस वर्षे काम केले. मालाच्या चलनावर पन्नास पिंपे आणि दारात अठ्ठेचाळीस, असे किती वेळा झाले. साहेब म्हणत, पन्नास लिहा, उद्या येतील. मी अठ्ठेचाळीस लिहून पुढे शेरा मारी, 'दोन उद्या येतील असे साहेब म्हणतात'. यामुळे एकदा माझी बढती लांबली आणि एकदा नोकरी वाचली. घरीही तेच. मुले बाहेरून भांडण घेऊन आली की मी आधी विचारतो, तो नक्की काय बोलला ते सांग, तुला काय वाटलं ते नंतर. मुलांना याचा कंटाळा येतो. दोन रकाने वेगळे ठेवायचे असतात, हे मी त्यांना कधी नीट समजावू शकलो नाही.

आता फीचे सांगून थांबतो. निकालानंतरच्या रविवारी बाय आली. हजर माणसे तीच चार. जून ते सप्टेंबर, चार महिन्यांचे चाळीस रुपये तिने रुमालातून काढले. मी हात मागे घेतला. ठरलेले असले तरी घेववेना. तिने वाद घातला नाही. सोबत आणलेले पावतीपुस्तक उघडले, मांडीवर ठेवून पावती लिहिली आणि पैशांसकट माझ्या आईच्या हातात दिली. "वहिनी, सोळा रविवार चा तुमी पाजलात. मास्तर नुसता शून्यं देत बसलेला." आईने चाळीस रुपये घेतले आणि कपाळाला लावले. पापलेटची एक जोडीही होती, ती हिशेबात धरलेली नाही.

ती पावती माझ्याकडे आहे. नाव आईचे, रक्कम चाळीस, कशाबद्दल: इंग्रजी उतारे, नग एकतीस. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.