तिच्या नावाचं बोकड

आमच्या घोटावड्याच्या घरापुढे मोठी गाडी होती, गोठ्यात दुभत्या म्हशी होत्या, वरच्या मजल्यावर हिंजवडीच्या कंपन्यांतले भाडेकरू होते. आणि त्याच घरातली सहा वर्षांची पोर कुपोषित होती. डॉक्टरांनी माझ्या लेकीसाठी तो शब्द वापरला तेव्हा नवरा भडकला. कुपोषण असलंच तर पाड्यावरच्या पोरांचं, बागायतदाराच्या लेकीला कुठलं!

तिच्या मूत्रपिंडाच्या नळीत जन्मापासून अडथळा होता, ऑपरेशन करावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी हिच्या अंगात काही भरू द्या. अंडी, दूध, डाळ. टाके मी घालीन, पण जखम भरायची ती हिच्याच शरीराने."

घरी येताच सासूबाईंनी म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला. वर स्वतःच्या मनाने भर घातली, "नवस फिटस्तोवर ह्या घरात वशाट शिजायचं न्हाई. अंडं बी न्हाई." दूध तर पहाटेच कॅनमधून सूसच्या सोसायट्यांना जायचं, गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून. लेकीच्या वाट्याला चहा, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाने आणलेला बिस्किटाचा पुडा.

मी भांडले. तांब्याभर दूध भांडून मिळवलं, डाळ आणि शेंगदाणे सुरू केले, पण बिस्किटांनी तिची भूक आधीच मेली होती. शेवटी वर भाडेकरणीच्या गॅसवर अंडं उकडलं आणि लेकीला जिन्यात बसवून भरवायला गेले. तिने ओठ घट्ट मिटले.

"आजी म्हनली, अंडं खाल्लं तर देव कोपंल आन् मी ऑपरेशनमधी मरंन."

सहा वर्षांच्या पोरीला मरणाची भीती घालून उपाशी ठेवायचं आणि त्याला भक्ती म्हणायचं! त्या दिवशी सासूबाईंचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचा आला नाही. अंडं मी कुत्र्याला घातलं.

पुढे मूत्रपिंडाची सूज वाढली आणि थांबणं डॉक्टरांच्याही हातात राहिलं नाही. ऑपरेशन झालं, नळी नीट जुळली. जखम मात्र भरेना. पू झाला, टाके सुटले. ड्रेसिंगच्या वेळी ती किंचाळायची आणि मी तिचे हात धरून ठेवायचे. भावकीतले येऊन सांगायचे, "त्या डाक्टरचा हातच वंगाळ." पोरीने खाल्लं काय होतं, हे एकानेही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे देव पावला. आम्ही घरी आलो तशी नवस फेडायची घाई सुटली. दारात मांडव पडला, सगळी भावकी जमली, महाळुंग्याचे पाहुणे आले. लेक पोटाला पट्टी बांधून ओट्यावर बसली होती. तिच्यापुढे पातळ वरणभात.

"जखम वली हाय," सासूबाई म्हणाल्या. "मटान बाधंल."

लेकीने पंगतीकडे बघितलं आणि मला विचारलं, "आई, बोकड माझ्याच नावाचं हाय ना?"

मी उठले. वाढप्याच्या पातेल्यातून वाटी भरून घेतली आणि सगळ्यांदेखत तिला भरवायला बसले. "देव कोपंल!" सासूबाई ओरडत धावल्या.

"कोपू द्या देवाला," मी म्हटलं. "काय कोपायचं ते माझ्यावर कोपू द्या."

तिने अधाशासारखा एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला मान हलवली. पोटाची खायची सवयच मोडली होती. पंगतीत कुणीतरी ढेकर दिला आणि आणखी रस्सा मागितला.