खुंट छाटलेला खजूर

आखातात राहून आलेल्या माणसाने कुढत बोलावे, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. 'वाळूत गेली रे तुझी उमेदीची वर्षं,' असे म्हणून नातलग माझ्या होकाराची वाट पाहतात. मी आवाज चढवणारा माणूस नाही. पण तो होकार मी कधी दिला नाही, आणि आता पन्नाशी उलटल्यावरही देणार नाही. मी वाळूत राहिलो नाही. हुफूफ शहराजवळच्या मरूद्यानातल्या एका गावात राहिलो, आणि तिथे सुखात होतो.

तेलाच्या भरभराटीचा तो काळ. कंपनीने शेतीच्या पाण्याचा एक पंप माझ्याकडे सोपवला होता आणि पंपाशेजारच्या खोलीत राहण्याची मुभा दिली होती. खजुराच्या बागांतून पाट वाहत, झाडांखाली लसूणघास वाढे, पांढरी गाढवे तो वाहून नेत. तिथे भातही आमच्याकडच्यासारखा लाल पिके. तो पहिल्यांदा पुढ्यात आला तेव्हा मी रत्नागिरीकडच्या आमच्या घरात बसावे तसा मांडी घालून जेवलो. जेवू घालणारा म्हातारा बागवान माझा शेजारी. रोज दुपारच्या नमाजानंतर तो मला कहव्याला, म्हणजे वेलची घातलेल्या तिथल्या कॉफीला, हाक मारी.

त्याच्यासाठी काहीतरी करावे, असे मला फार वाटे. एका गुरुवारी तो हुफूफच्या बाजाराला गेलेला पाहून मी कोयता घेतला आणि त्याच्या सर्वांत जुन्या खजुरावर चढलो. माडाचे गुळगुळीत बुंधे पाहत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना खजुराच्या बुंध्यावरचे ते झावळ्यांचे खुंट म्हणजे निव्वळ आळशीपणा वाटत असे. वर गेलो तो त्याच खुंटांवर पाय देत, आणि उतरताना एकेक छाटत आलो. तरीही ते कशासाठी राखले आहेत, हे माझ्या ध्यानात आले नाही. माझ्या हुशारीचे मोजमाप मी आजही त्या दिवसावरूनच करतो.

म्हातारा परतला. बुंध्यावरून हात फिरवत म्हणाला, "आता मी काय उडत जाऊ वर?"

दर वसंतात खजुरावर चढून नराचा पराग मादीच्या फुलोऱ्यात हाताने घालावा लागतो. एरवी फळ धरत नाही. त्या झाडाच्या पायऱ्याच मी तोडल्या होत्या. त्यानंतर चार दिवस कहव्याची हाक आली नाही.

पाचव्या दिवशी साताऱ्याकडचा आमचा फोरमन जीप घेऊन बागेत आला. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. जीपचा आवाज ऐकून म्हाताराही झाडापाशी आला.

"झाली ना शोभा? चल, सामान भर. कॅम्पात एसी हाय, आपली मानसं हायत."

"मी येणार नाही."

"इकामा, हितं ऱ्हायाचा परवाना, कंपनीचा हाय, तुझ्या बापाचा नाय!"

"बापानं चढणं दिलंय मला."

मी चपला काढल्या. वडील माडावर चढताना करत तसे दोराचे कडे करून दोन्ही पावलांत अडकवले आणि त्या दोघांच्या देखत तो गुळगुळीत बुंधा चढून गेलो. वरून मोडक्या अरबीत ओरडलो, "हे झाड माझ्याकडे! दर वर्षी मी चढेन!"

म्हातारा फोरमनकडे वळला. "याने माझ्या झाडाचे पाय तोडले. आता हाच त्याचे पाय. झाडाचे पाय तू कुठे घेऊन चाललास?"

"यल्ला, मर मग हितंच," माझ्याकडे पाहून फोरमन म्हणाला आणि त्याने जीप सुरू केली. त्या दुपारी मला कहव्याची हाक आली.

तीन वसंत मी ते झाड चढलो. मग कंपनीने मला दूर पलीकडच्या किनाऱ्यावर, यान्बूला हलवले, आणि या वेळी माझे काही चालले नाही. 'दर वर्षी' म्हणालो होतो. तीनच वर्षे पाळले. निघताना म्हाताऱ्याने बोल लावला नाही. "आता कोण चढेल?" एवढेच त्याने विचारले, आणि मी खाली मान घातली. ती मान अजून पुरती वर झालेली नाही. पण कॅम्पात राहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कोणी विचारला नसता. मला विचारला.