कौसाबाईंची अडचण

कोरीट गावच्या कौसाबाईंच्या बोटांवर मिरचीच्या व्यापारी मोतीलालशेठचा जेवढा विश्वास आहे, तेवढा त्याचा स्वतःच्या चष्म्यावरही नसेल. नंदुरबार शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला इकडे पथारी म्हणतात. मोतीलालशेठच्या पथारीवर कौसाबाईंचा हा बाविसावा हंगाम. चांगली मिरची डावीकडे, पांढरट डागाची फटकी उजवीकडे, देठ मागे. हात आपले चालू, तोंडही चालू, आणि नजर बाकीच्या अकरा बायांवर. नवी आली तिला कोणाशेजारी बसवायचं, कोणाचं घरी बिनसलंय म्हणून तिची आज थट्टा करायची नाही, कोणाच्या डब्यात नुसतीच भाकरी आहे, हे सगळं त्या रांगेच्या टोकाला बसून बघत. टोकाची जागा त्यांची. चुकून दुसरी कोणी तिथे बसली तर कौसाबाई बोलत नसत, नुसत्या उभ्या राहत. ती बाई आपोआप सरकायची.

घरी काही कमी होतं म्हणून त्या जात होत्या असं नाही. नवरा दोधूआप्पा, त्यांची पाच एकर बागायत, मुलगा हेमकांत एसटीच्या आगारात नोकरीला. दोधूआप्पा दर दिवाळीला म्हणायचे, आता पुरे झालं पथारीचं. कौसाबाई हो म्हणायच्या आणि तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी डबा घेऊन रिक्षात बसायच्या. पथारी म्हणजे त्यांचा जीव की प्राण होती, आणि हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मिरचीच्या खकाण्यात बसायला कोणाला आवडतं का, असं लोक म्हणाले असते.

दोन वर्षांपूर्वी आग सुरू झाली. छातीत उठायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, मग घामाने पोलकं ओलं व्हायचं आणि थंडी वाजायची. पौषातल्या सकाळी बाकीच्या बाया स्वेटर घालून बसलेल्या आणि कौसाबाई पदराने वारा घेतायत. झोप पार उडाली. पूर्वी ज्या गोष्टीवर हसल्या असत्या त्यावर आता खेकसायला लागल्या. घरात कडाक्याच्या थंडीत पंखा चालू ठेवायच्या, त्यामुळे बिचारे दोधूआप्पा कानटोपी घालून झोपायला लागले. पण त्यांनी पंखा बंद केला नाही, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

पथारीवर या दुखण्याला नाव होतं. सरलाबाईने पहिल्यांदा ते घेतलं.

"तुन्हा आंगमा मिरची उतरनी व कौसाबाई. जमनाबाईनं असंच झायं व्हतं."

वीस-पंचवीस हंगाम झाले की मिरची अंगात उतरते आणि मग बाहेर निघत नाही, अशी पथारीवरची पक्की समजूत. त्यावर एकच उपाय, पथारी सोडायची. जमनाबाईंनी सोडली होती. टोकाची जागा आधी त्यांची होती. कौसाबाईंना फटकी ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. ऐन पन्नाशीत त्या उठून घरी गेल्या, त्याला नऊ वर्षं झाली. आता ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतात. कौसाबाई त्या वाटेने जायचं टाळायला लागल्या होत्या.

आणि एक दिवस त्यांच्या हाताने चांगल्या मिरच्या फटकीच्या ढिगात टाकल्या. ओंजळभर. कोणी पाहिलं नाही. कौसाबाईंनी पाहिलं, गुपचूप त्या वेचून परत डावीकडे टाकल्या, आणि मनाशी म्हणाल्या, हा हंगाम शेवटचा.

शेवटच्या हंगामाचं त्यांनी सुनेला सांगितलं, ओंजळीचं नाही. सून चेतना, उधन्याची, म्हणजे सुरतेतच वाढलेली खान्देशी पोर. लग्नाला सात-आठ महिने झालेले. गावात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. तिचा एक नियम होता: समोरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. केंद्र उघडल्या उघडल्या तिने एका म्हाताऱ्याचं नाव सुधारून लिहिलं होतं, त्याचं निराधारचं पेन्शन चार महिने अडकलं. तेव्हापासून हा नियम.

सासूचा घाम आणि जागरण बघून चेतनाने मोबाइलवर बायकांच्या डॉक्टरांचा एक दवाखाना शोधून काढला. दवाखाना कुठे आहे म्हणाल तर कुठेच नाही, डॉक्टर पुण्यात आणि पेशंट आपल्या घरात. आधी फॉर्म भरायचा, मग डॉक्टर व्हिडिओवर भेटणार. दुपारी ओट्यावर बसून तिने पहिला प्रश्न वाचला.

"मम्मी, आपली मुख्य अडचण काय आहे, असं इचारेल शे."

कौसाबाई जरा लाजल्या. डॉक्टर बाई असली म्हणून काय झालं, एकदम पहिला प्रश्न हा? पण विचारलंय तर सांगायला हवं.

"अडचण नही. दोन वरीसपाईन नही."

चेतनाने सासूकडे पाहिलं, मग नियमाप्रमाणे लिहिलं: दोन वर्षांपासून अडचण नाही. पुढचा प्रश्न होता, सध्या कोणकोणत्या अडचणी जाणवतात.

"नही म्हणं ना मी. एकदाव सांगं ते समजस नही का?" कौसाबाई चिडून उठल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. सासूला डॉक्टर नकोय, आपल्यासाठी म्हणून बसली होती बिचारी, असं चेतनाला वाटलं. तिने दुसऱ्या प्रश्नापुढेही नाही असं लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्याला कोणतीही अडचण नसल्याने सध्या भेटीची आवश्यकता दिसत नाही, संतुलित आहार घ्यावा, रोज चालावं, काही त्रास झाल्यास पुन्हा कळवावं. चेतनाने ते वाचून दाखवलं. कौसाबाईंनी शांतपणे ऐकलं. पुण्याच्या डॉक्टरला काही सापडलं नाही, म्हणजे मिरचीच. त्या दिवशी त्यांनी पथारीवर बसायची आपली गोणी झटकून घडी केली आणि सरलाबाईला म्हणाल्या, पुढच्या वर्षी तू टोकाला बस. सरलाबाईला टोकाला बसायची हौस फार, पण तिला रडू आलं.

संध्याकाळी गोणी घरी आलेली पाहून चेतनाचा संताप झाला. सासूबाई ती गोणी कधी घरी आणत नसत.

"मम्मी, तुम्हीच म्हनात ना, काही अडचण नही म्हणून? मंग डॉक्टर काय करी?"

"खरंच ते सांगं. दोन वरीसपाईन अडचण नही, आणि तव्हयपाईनच हाई आग. अडचण व्हती तव्हय माले काहीच नव्हतं."

चेतना आ वासून बघत राहिली. अडचण होती तेव्हा काही नव्हतं, अडचण गेली तेव्हापासून आग. हे बोलणं कोणी शहाणं माणूस करील का? मग तिच्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं.

"मम्मी, कोणती अडचण?"

कौसाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. अंगणात म्हशीशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "बायासनी. महिनानी. आखो कोणती?"

"एम.सी.?"

"तुमना सुरतमा काय म्हणतस ते माले काय माहीत?"

चेतनाच्या माहेरी एम.सी. हा एकच शब्द होता. महिन्याच्या त्या गोष्टीला खेड्यात अडचण म्हणतात हे पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. ती कपाळाला हात लावून खाली बसली, आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. कौसाबाईही हसायला लागल्या, नेमकं कशाला हे नीट न कळताच. त्या घरात दोन वर्षांत असं हसणं झालं नव्हतं.

नवा फॉर्म गेला. यावेळी चेतनाने आपला नियम मोडला आणि खाली स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या.

भेटीच्या दिवशी दोधूआप्पा काही न विचारता बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कोणी आलं की म्हणायचे, घरात पाहुणे आहेत. आत कौसाबाई डोक्यावर पदर घेऊन मोबाइलसमोर बसल्या. डॉक्टर रुचिका म्हणून पंचेचाळिशीची बाई होती. तिने चेतनाच्या त्या चार ओळी वाचल्या होत्या, त्यामुळे ती सुरुवातीलाच हसून म्हणाली, "कौसाबाई, मी अडचण हा शब्द आज वापरणारच नाही. तुम्ही तुमच्या भाषेत सांगा."

मग कौसाबाईंनी सगळं सांगितलं. आग, घाम, झोप, चिडचिड, आणि शेवटी ती ओंजळभर मिरची. नवऱ्यालाही सांगितली नव्हती ती.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं डोकं बिघडलेलं नाही. झोप मिळाली नाही की कोणाचाही हात चुकतो. पाळी थांबताना शरीरात बदल होतात, त्याने अशी आग होते."

"नही हो बाई, हाई मिरचीनं शे. आमना पथारीवर समदासले माहीत शे."

"बरं. पथारी बंद असते त्या दिवशी आग होते का?"

कौसाबाई आठवू लागल्या. दत्तजयंतीला त्या भावाकडे सारंगखेड्याला यात्रेसाठी गेल्या होत्या. चार दिवस मिरचीचं देठसुद्धा दिसलं नव्हतं, आणि घोड्यांच्या बाजारात उभ्या असताना अशी आग उठली होती की भावजयीने लिंबूपाणी आणून दिलं. म्हणजे मिरची नंदुरबारला आणि आग सारंगखेड्याला.

"व्हस," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही, हे कौसाबाईंना आवडलं. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, पाळी थांबल्यावर परत कधी रक्त गेलं का, सगळं विचारलं. उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बीपी मोजून आणायला लावलं, नंदुरबारला रक्त तपासायला आणि सोनोग्राफी करायला सांगितलं. रिपोर्ट बघून मग औषधं दिली, ती का आणि किती दिवस हे समजावून दिलं, आणि दीड महिन्याने पुन्हा भेट ठेवली. एका रात्रीत फरक पडणार नाही हेही बजावलं.

पडला नाहीच. पण तिसऱ्या आठवड्यात एकदा कौसाबाई सकाळी उठल्या आणि पाहतात तर ऊन भिंतीवर आलेलं. दोधूआप्पांची कानटोपी खुंटीवर होती. आग अजून यायची, पण पाहुण्यासारखी, जरा बसून जायची. फेब्रुवारीत त्यांनी मोतीलालशेठचं एक पोतं निम्म्या वेळात निवडून दिलं आणि गोणी पुन्हा पथारीवरच ठेवायला लागल्या. सरलाबाईला म्हणाल्या, टोकाचं मी म्हणाले होते ते विसर. सरलाबाई आनंदाने विसरली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कौसाबाईंच्या मनात एक काटा राहिला होता. मिरची जर अंगात उतरत नसेल, तर जमनाबाईंच्या अंगात काय उतरलं होतं? हे त्यांना सांगायचं की नाही? सांगितलं तर नऊ वर्षं फुकट गेली हे त्यांना कळणार. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. जमनाबाई परत आल्या तर टोकाची जागा कोणाची? कौसाबाईंना स्वतःची लाज वाटली, तरी पाच-सहा दिवस त्या गेल्या नाहीत.

मग एका रविवारी गेल्या. जमनाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"जमनाबाई, ते मिरचीनं नव्हतं," कौसाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, कारण बसल्या असत्या तर जीभ रेटली नसती. "अडचण गई म्हणीसन व्हती ती आग. समद्या बायासले व्हस."

जमनाबाईंचा हात शेंगेवर थांबला. त्यांची आग तर कधीचीच आपोआप विझली होती. घरी बसूनही चार वर्षं ती होतीच, आणि त्यांनी तेव्हा ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मंग मन्हा नऊ वरीस?" एवढंच त्या म्हणाल्या.

कौसाबाई खाली बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. टोपली रिकामी होईपर्यंत दोघी सोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथारीजवळ रिक्षा थांबली आणि जमनाबाई उतरल्या. गुडघे धरत धरत रांगेपर्यंत आल्या. हंगामाचे पंधराच दिवस उरले होते. बारा बायांचे हात थांबले. जमनाबाई टोकाकडे न बघता दुसऱ्या बाजूला, नव्या पोरी बसतात तिकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मन्ही अडचण ते व्हवाव नही ना तुमले?"

कौसाबाई सरकल्या. टोकाच्या जागेवर आपली गोणी उलगडून टाकली आणि तिच्यावर हात थोपटला.

"आठे बस व माय. आते आपले दोन्हीसले कसानी अडचण?"