मोहाखालची मजुरी

माझा मुलगा रडायचा, पण त्याचं रडणं ऐकू यायचं नाही. तोंड वासायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं, आवाज मात्र काहीच नाही. दीड वर्षाचा असताना त्याला घटसर्प झाला, गळा आतून आखडला. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून धातूची नळी बसवली. श्वास तिथूनच. त्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी. तिच्यात कफ अडकला की ती फिरवून बाहेर ओढायची, उकळत्या पाण्यात धुवायची, परत बसवायची. तिथल्या सिस्टरने तीन आठवडे मला हे शिकवलं आणि निघताना सांगितलं, "बाई, याच्यावरची नजर हटवू नका. गुदमरला तर तुम्हाला ऐकू येणार नाही."

आता नजर न हटवता पोट कसं भरायचं, हे सिस्टरला कोण विचारणार? नवरा वडशाला तांदळाच्या मिलमध्ये हमाली करायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. त्याच्या एकट्याच्या कमाईत घर आणि नागपूरच्या खेपा दोन्हींचं भागत नव्हतं. मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून जरा जास्तच भाबडी. आमचा गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. वाटलं, नव्या जिल्ह्यात माणसंही नवी असतील. मुलाला कडेवर घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले आणि विचारलं, मी दिवसभर नर्सचं काम करते, त्याचं काही मिळतं का? बाबूने आधी आजूबाजूला बघून घेतलं.

"बाई, आपलं पोरगं पाह्याचे पैसे सरकार देते काय? उद्या म्हणसान, सैपाकाचेही द्या."

सगळी कचेरी हसली. मीही कसनुशी हसले. बाबूचा राग केव्हाच विरला, माझ्या त्या हसण्याचा अजून येतो.

त्या उन्हाळ्यात गावात रोजगार हमीचं काम निघालं, तलाव खोल करायचं. त्यात एक नियम चांगला होता. मजूर बायांची लहान मुलं सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. मुकादमाने विचारलं, "पोरायपाशी कोण बसते?" आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या आणि पलीकडच्या कुणब्यांच्या बायांचं एरवी कशावरच जमायचं नाही. त्या दिवशी दोन्हींकडून माझंच नाव आलं. खोदकामापासून लांब, धूळ पोचणार नाही अशा जागी एक मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली मी डझनभर पोरं सांभाळली. भांडणं सोडवली, शेंबूड पुसले, ढुंगणं धुतली आणि गळ्यावर ओलं फडकं टाकून माझा मुलगाही सांभाळला. पंधरा दिवस मला वाटत होतं, सरकारला अक्कल आहे.

मग तपासणीला साहेब आले. मोहाखाली डझनभर पोरं होती, त्यांना एकच दिसलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

"म्हणजे सरकारी मजुरीवर तुम्ही स्वतःचं पोर सांभाळता?"

मी म्हटलं, सगळ्यांची सांभाळते, त्यात तेही. साहेबांनी माझ्याशी बोलणं संपवलं होतं. मुकादमाला म्हणाले, "दुसरी बाई बसवा. हिला मातीवर घ्या." परकीने माझं मूल सांभाळलं तर ते काम, मी सांभाळलं तर चोरी. हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी बाई म्हणून माझी शेजारीण नेमली गेली. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, साप काठीवर उचलून फेकणारी बाई, पण त्या नळीपुढे तिची बोबडी वळायची. पहिल्याच सकाळी म्हणाली, "मले त्या नळीले हात लावाचा भेव लागते वो. तू बस इथी पोरापाशी. तुह्या वाटची माती मी वाहतो."

धानाच्या रोवण्यात आम्ही बाया असंच करतो. एकीला जमलं नाही तर दुसरी तिच्या जागी चिखलात उतरते, त्याचा बोभाटा होत नाही. इथेही झाला नाही. मुकादमानेही पाठ फिरवली. कागदावर मावशी पोरं सांभाळत होती आणि मी माती वाहत होते. खरं तर ती म्हातारी माझं टोपलं डोक्यावर घेऊन बांध चढत होती आणि मी सावलीत बसून बघत होते. लाज वाटायची. लाज वाटायला हवी होती दुसऱ्याला, म्हणून आणखी चिडायचे.

साहेबांची जीप दिसली की जागा बदलायच्या, एवढंच ठरलं होतं. एक दिवस ती दिसली. मी नळी साफ केली, मुलाला मावशीच्या मांडीवर दिलं आणि टोपलं उचललं. साहेब बांधावर निवांत चहा पीत खोदाईचं माप बघत होते. त्या दिवशी वारा फिरला होता, सगळी धूळ मोहाकडे जात होती. प्रत्येक खेपेला मी वळून बघत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला मावशी उभी झालेली दिसली. मुलगा तिच्या हातांत पाय झाडत होता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर साहेबांसमोर सगळं उघडं पडलं असतं, दोघींचंही काम गेलं असतं. सापाला न भिणारी बाई हजेरीपटाला भ्याली होती.

टोपलं साहेबांच्या पायाशी टाकून मी धावले. मुलाचे ओठ जांभळे पडले होते. आतली नळी फिरवून ओढली, तर तिच्यात कफाचा आणि धुळीचा बूच बसलेला. हवा शिट्टी वाजवत आत गेली. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. मी त्याला छातीशी धरून खाली बसले. "चुकलं वो माह्यं," मावशी म्हणत राहिली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

साहेब मागोमाग आले. त्यांनी नळी पाहिली, माझे हात पाहिले. मला वाटलं, आता तरी. त्यांनी मुकादमाकडून हजेरीपट मागून घेतला, माझ्या नावापुढे अर्धा दिवस मांडला आणि स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: विनापरवानगी काम सोडून गेली.

मावशीचा पूर्ण दिवस लागला, मुलं सांभाळल्याचा.