मोरे सिस्टरांचे उरलेले दोन तास

नर्सिंगचा वर्ग घेऊन बघा, महिन्याभरात हजेरीपेक्षा किस्से जास्त जमतात. परदेशात शिकून मी पुण्यात परतले आणि कसबा पेठेतल्या एका हॉस्पिटलात कामावरच्या सिस्टरांना शिकवू लागले. पहिल्याच दिवशी फळ्यावर ठळक लिहिलं : ‘शिकणं कधीच संपत नाही.’

दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘ड्युटीपण.’

*

वर्गातल्या सर्वांत ज्येष्ठ मोरे सिस्टर. सत्तावीस वर्षं वॉर्डात. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला त्यांचे अभ्यासाचे काही तास कमी पडत होते. महिनाअखेरपर्यंत ते भरले नाहीत, तर ड्युटी बंद.

पहिला धडा सीपीआरचा. टेबलावर रबरी पुतळा, भोवती वॉर्डासारखा पडदा. मोरे सिस्टर पुढे आल्या, पडदा ओढला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नातेवाइकांनी बाहेर थांबा.”

मी थांबलेसुद्धा.

*

एक वर्ग ऑनलाइन घेतला. सकाळपाळीच्या सुर्वे सिस्टर फोन स्पीकरवर टाकून, खिशात ठेवून, औषधं वाटत ऐकत होत्या. शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका?

“मला नाही मॅडम, पण सात नंबरच्या काकांना एक आहे.”

*

लेखी परीक्षेत प्रश्न होता : मधुमेहाच्या पेशंटला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, तर आधी काय कराल? मोरे सिस्टरांनी योग्य पर्यायावर, म्हणजे साखर तपासण्यावर, खूण केली आणि शेजारी लिहिलं : ‘तपासता तपासता विचारते, आज उपवास आहे का.’ उत्तरपत्रिकेत जादा मजकूर लिहायचा नाही, म्हणून मी अर्धा गुण कापला.

दोन दिवसांनी संकष्टी आली. ओपीडीत दोन आजोबा मधुमेहाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, घामाघूम बसले होते. अर्धा गुण मी गुपचूप परत दिला.

*

महिना संपत आला. मोरे सिस्टरांचे आता दोनच तास उरले होते. ते मिळवायचे तर दहा मिनिटं वर्गापुढे बोलायचं, हा नियम माझाच. त्यांना त्याची भयंकर धास्ती. वाटलं तर सलग चार रात्रपाळ्या करते म्हणाल्या, पण हे नको. मी ऐकलं नाही. चिठ्ठीत विषय निघाला : मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी सांगावी.

त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही मुलगी व्हा. वडील आमच्या वॉर्डात होते.”

मी बाहेर जाऊन दारातून आत आले.

“कशावर आलात?”

“स्कूटरवर.”

“एकट्याच?”

“हो.”

त्यांनी हात पुढे केला. “आधी किल्ली द्या माझ्याकडे. आणि बसा.”

मी खिशातून खरीच किल्ली काढून दिली आणि बसले. त्या शेजारी बसल्या.

थोड्या वेळाने मी त्यांच्या तासांच्या फॉर्मवर ‘दोन तास’ लिहिलं, सही केली. सही जरा वाकडीच आली. फॉर्म त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि मी किल्लीसाठी हात पुढे केला.

“आधी पाणी प्या,” त्या म्हणाल्या.